जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक : एक काम नीट शिका, त्यावर धंदा उभा करा

‘गॅरेज टाकायचंय, पण सगळेच गॅरेजवाले तेच काम करतात, मग माझ्याकडे कोण येणार?’ हा प्रश्न आपल्या वर्गात नेहमी येतो. व्हिडिओत उत्तर थोडक्यात दिलं होतं: सगळ्या गाड्यांची सगळी कामं घेऊ नका, एक काम असं पकडा की त्या कामासाठी लोक तुमचं नाव सांगतील. आज त्याचं एक पूर्ण उदाहरण घेऊ. काम कुठलं? जुन्या बुलेटचा पुढचा ब्रेक सुधारून देणं.

हेच काम का घेतलं? बुलेटची जुळणी मद्रासमध्ये १९५५ पासून सुरू झाली. वडिलांची किंवा आजोबांची बुलेट आजही कित्येक घरांत उभी आहे आणि ती विकायला कोणी तयार नसतं. इंजिन ठाकठीक, रंग नवा, सायलेन्सरचा आवाज खणखणीत, पण ब्रेक मात्र त्या काळातला. तेव्हा रस्त्यावर वाहनं कमी होती. आज पुढची गाडी एबीएसवर जागच्या जागी थांबते आणि मागून आपली बुलेट सरकत जाते. मालकाला हे कळतं, पण नेमकं काय करायचं ते कळत नाही. जिथे गिऱ्हाइकाला त्रास कळतो पण उपाय कळत नाही, तिथे धंद्याला जागा असते.

वही-पेन घेऊन बसा. तंत्र, हिशेब, कायदा आणि गिऱ्हाइकाशी बोलणं, चारही गोष्टी आज करायच्या आहेत.

१. गिऱ्हाईक नेमकं काय विकत घेतं?

गिऱ्हाईक म्हणतं, ‘डिस्क टाकून द्या.’ पण त्याला डिस्क नको असते, त्याला गाडी वेळेत थांबायला हवी असते. हा फरक समजला तर अर्धा धंदा समजला.

एक साधा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. समोर काही आडवं आलं, डोळ्यांनी पाहिलं आणि हात लिव्हरवर गेला, यात एक सेकंद गेला तरी गाडी १६.७ मीटर पुढे गेलेली असते. त्यानंतर ब्रेकचं काम सुरू होतं. ब्रेक ढिला असेल आणि वेग सेकंदाला ४ मीटर प्रति सेकंद या दराने कमी होत असेल, तर थांबायला आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. हाच दर ६ झाला तर सुमारे २३ मीटर पुरतात. फरक जवळपास १२ मीटरचा. १२ मीटर म्हणजे एका एसटी बसच्या लांबीएवढं अंतर. बसच्या मागे थांबायचं की बसमध्ये घुसायचं, एवढा हा फरक आहे.

हा हिशेब कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीवर लावा. गिऱ्हाइकाला लायनर आणि कॅम समजणार नाही, पण १२ मीटर समजतील.

आणखी एक गोष्ट. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. आजच्या गाड्यांवर हात बसलेला माणूस घाईच्या वेळी उजवा पाय दाबतो आणि तिथे ब्रेकच नसतो. अशा वेळी हातातला पुढचा ब्रेक हाच आधार. म्हणून हे काम शोभेचं नाही.

२. आधी यंत्र समजून घ्या

ड्रम ब्रेकमध्ये दोन शू असतात. कॅम फिरला की ते बाहेर सरकून ड्रमच्या आतल्या बाजूला घासतात. चाकाच्या फिरण्याच्या दिशेत ज्या शूचं तोंड ढकललं जातं तो लीडिंग शू. फिरणारा ड्रम त्याला आणखी आत ओढतो, म्हणजे ब्रेकच स्वतःला मदत करतो. दुसरा तो ट्रेलिंग शू. त्याला ड्रम मागे लोटतो, म्हणून त्याची पकड कमी.

जुन्या काही बुलेटना पुढे एकच लीडिंग शू आहे. नंतरच्या अनेक गाड्यांना ७ इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचा ड्रम आणि दोन्ही शू लीडिंग, अशी रचना आली. तिच्यात दोन कॅम असतात आणि बाहेरून एक जोडदांडी दोन्हींना एकत्र फिरवते. ही रचना नीट लावली तर ब्रेक चांगला लागतो. पण जोडदांडी चुकीच्या मापाला बसवली असेल तर एकच शू काम करतो आणि दुसरा नुसता सोबतीला असतो. या रचनेचा एक स्वभावही लक्षात ठेवा. चढावर गाडी मागे घसरू लागली की दोन्ही शू ट्रेलिंग होतात आणि पुढचा ब्रेक फारसा धरत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा, नाहीतर तो तक्रार घेऊन येईल.

घाटातला अनुभव सगळ्यांना असतो. खंबाटकीचा उतार उतरताना सतत ब्रेक धरला की ड्रम तापतो, तापला की प्रसरण पावून शूपासून दूर जातो, आणि लिव्हर हँडलच्या जवळ येऊ लागते. पावसाळ्यात खड्ड्यातलं पाणी ड्रममध्ये गेलं की पहिले काही ब्रेक पोकळ जातात. डिस्क उघड्यावर असते, म्हणून लवकर थंड होते आणि लवकर सुकते. डिस्कचा खरा फायदा इथे आहे.

एक गंमत सांगतो. जपानची मूळ यामाहा आरडी ३५० पुढच्या डिस्क ब्रेकसह विकली जात होती. तीच गाडी एस्कॉर्ट्सने भारतात राजदूत ३५० म्हणून आणली तेव्हा तिला पुढे ड्रम दिला. ब्रेक कुठला द्यायचा हे ठरवताना कंपन्यासुद्धा किमतीचा विचार करतात. मग तुमचं गिऱ्हाईक किमतीचा विचार करणारच. त्याला दोष देऊ नका, पर्याय द्या.

३. एक काम, तीन पायऱ्या

‘ब्रेकचं काम करतो’ असं सांगाल तर लोक मजुरीवर घासाघीस करतील. तीन ठरलेली पॅकेजेस बनवा, प्रत्येकात काय मिळणार ते लिहून ठेवा.

पहिली पायरी : मूळ ब्रेक मूळ ताकदीवर आणणं. बऱ्याच गाड्यांना एवढंच पुरतं. चाक उतरवायचं, ब्रेक प्लेट उघडायची, साफ करायची. इथे एक सूचना डोळ्यांत तेल घालून पाळा: आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. हे काम रोज तुम्ही आणि तुमचा पोऱ्या करणार आहात, गिऱ्हाईक नाही.

मग तपासणी. लायनरवर ग्रीस किंवा तेल आहे का? बेअरिंगमधून ग्रीस गळत असेल तर आधी ते बंद करा, आणि तेल प्यालेलं लायनर जाळून वा घासून परत लावू नका, बदलाच. कॅमचा दांडा त्याच्या भोकात हलतो का? ड्रमला चर पडलेत का? केबल आतून घासते का, कुठे वाकडं वळण घेते का? ब्रेक पूर्ण दाबल्यावर केबल आणि कॅमचा हात यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ यायला हवा. हात त्यापुढे गेला की तुम्ही कितीही दाबा, ताकद वाया जाते. शू झिजल्यावर नेमकं हेच होतं.

दोन लीडिंग शूची गाडी असेल तर चाक वर उचलून जोडदांडी सैल करा, दोन्ही शू एकाच वेळी ड्रमला टेकतील अशी लांबी लावा आणि लॉकनट घट्ट करा. शेवटी एक्सलचा नट किंचित सैल ठेवून चाक फिरवा, ब्रेक दाबून धरा आणि तसाच धरून नट आवळा. त्यामुळे ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. पाच मिनिटांचं काम आहे, पण लिव्हरचा स्पर्श बदलतो.

दुसरी पायरी : ड्रम तोच, पण काम वरच्या दर्जाचं. ड्रम अंडाकृती झाला असेल तर लिव्हर हातात धडधडते. तो लेथवर घ्यावा लागतो. पण रिम आणि स्पोक बसवलेल्या अवस्थेतच टर्निंग करायचं, कारण स्पोक ओढले की ड्रमचा आकार थोडा बदलतो. नुसता हब लेथवर गोल केला आणि नंतर स्पोक भरले तर पुन्हा तेच दुखणं. आधी रिम सरळ करा, मग लेथ. गरजेपुरतंच खरवडा, ड्रम पातळ करू नका.

त्यानंतर ड्रमच्या नव्या मापाला जुळणारं जाड लायनर शूवर बसवून घ्यायचं आणि शू ब्रेक प्लेटवर चढवून ड्रमच्या गोलाईला मिळतं टर्निंग करायचं. नवा शू नुसता बसवला तर तो फक्त मधोमध किंवा टोकाला टेकतो. पूर्ण टेकला की पकड वाढते. लायनरच्या पुढच्या कडेला थोडा उतार द्या, म्हणजे ब्रेक झटक्याने अडकत नाही. नवी जाड केबल, कॅमला नवे बुश, आणि काम संपलं. बाहेरून गाडी जशीच्या तशी, म्हणून जुनी गाडी जुनीच दिसली पाहिजे असं म्हणणारा मालक हे पॅकेज आनंदाने घेतो.

तिसरी पायरी : डिस्क. रॉयल एनफील्डच्या नंतरच्या ३५० गाड्यांना पुढे २८० मिलिमीटरची डिस्क आली. म्हणून कंपनीच्या बनावटीचे फोर्क, हब, कॅलिपर, मास्टर सिलिंडर असा जुळणारा संच मिळवणं शक्य असतं. पुण्याची नाना पेठ, मुंबईत कुर्ला, दिल्लीत करोल बाग, या बाजारांत फिरून तुमचे दोन-तीन विश्वासाचे दुकानदार पक्के करा. पण नियम एकच: संच एकाच मॉडेलचा घ्या. एका गाडीचा कॅलिपर, दुसरीचा मास्टर सिलिंडर असं कडबोळं करू नका.

का, ते आकड्यांत बघा. समजा कॅलिपरला ३० मिलिमीटरचे दोन पिस्टन आहेत. त्यांचं क्षेत्रफळ मिळून सुमारे १४१४ चौरस मिलिमीटर. मास्टर सिलिंडर १३ मिलिमीटरचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे १३३, म्हणजे बोटांची ताकद साधारण १०.६ पट होते. तिथे ‘मोठा तो चांगला’ म्हणून १६ मिलिमीटरचा लावला तर क्षेत्रफळ २०१ होतं आणि ताकद फक्त ७ पट. लिव्हर कडक लागते, गिऱ्हाइकाला वाटतं ब्रेक दणकट झाला, आणि प्रत्यक्षात पकड एक तृतीयांशाने घटलेली असते. हाताला चांगला लागणारा पण गाडी न थांबवणारा ब्रेक सगळ्यात धोकादायक.

जोडताना बघायच्या गोष्टी: पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत आहे का, हँडल दोन्ही टोकांना फिरवल्यावर आणि शॉकअप पूर्ण दाबल्यावर होज पाइप ताणला किंवा घासला जातो का, स्पीडोमीटरची केबल कुठून जाणार, ब्रेक लाइटचा स्विच चालतो का. ब्रेक ऑइल बाटलीवर लिहिलंय तेच, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओल प्याल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणून दोन वर्षांनी तेल बदलायचं, आणि उघडी अर्धी बाटली फडताळात साठवायची नाही. टाकीवर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्याने धुवा. ब्रेकचे रबर कधीही पेट्रोलने धुवू नका, ते फुगतात.

४. ‘नाही’ म्हणायची कामं आधीच ठरवा

मूळ फोर्कला भोक पाडून किंवा वेल्डिंग करून कॅलिपरची पट्टी बसवून द्या, असं सांगणारा येईल. दोन हजार जास्त देतो म्हणेल. नाही म्हणायचं. ब्रेक लागला की कॅलिपरला चाकाबरोबर फिरायचं असतं आणि तो सगळा झटका त्या पट्टीवर आणि फोर्कच्या नळीवर येतो. वेल्डिंग तुटलं तर पट्टी चाकात जाते. त्या दिवशी गाडीवर मागे त्याची मुलगी बसलेली असेल.

धंद्याच्या सुरुवातीला पैशाची चणचण असते आणि अशा कामाला नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते त्या क्षणी ठरवू नका. आजच, गिऱ्हाईक समोर नसताना, न करायच्या कामांची यादी लिहा आणि काउंटरवर लावा. मग तुम्हाला वाद घालावा लागत नाही, यादीकडे बोट दाखवलं की झालं.

५. कायदा : घाबरू नका, पण माहीत असू द्या

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेला तपशील कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याचा धंद्यासाठी अर्थ काय? पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे दुरुस्ती आहे, मूळ रचना तीच राहते. तिसरी पायरी म्हणजे बदल आहे. ती घेण्याआधी मालकाला आपल्या आरटीओत विचारून यायला सांगा, लेखी उत्तर मिळालं तर उत्तम, आणि विमा कंपनीलाही कळवायला सांगा. न कळवलेल्या बदलावरून पुढे क्लेम अडू शकतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि त्यासाठी गाडीची तपासणी. त्या वेळी तुमचं काम तपासणाऱ्यासमोर उभं राहणार आहे, हे लक्षात ठेवा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ‘साहेब, व्हिंटेज म्हणून नोंदवायची आहे का?’ २०२१ च्या नियमांनुसार अशा गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, पण गाडी मूळ स्वरूपात जपलेली असावी लागते. अशा मालकाला दुसरी पायरीच सुचवा. आणि डिस्क बसवलीच तर मूळ चाक, ब्रेक प्लेट, लिव्हर हे सगळं खोक्यात भरून, नाव लिहून मालकाच्या ताब्यात द्या. उद्या गाडी विकताना ते खोकं सोन्याच्या भावाने मोजलं जाईल.

६. भाव कसा काढायचा?

आता वहीचं नवं पान. खालचे आकडे शिकण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

महिन्याचा खर्च: भाडं १२ हजार, हेल्परचा पगार १२ हजार, वीज-फोन ३ हजार, हत्यारांची झीज ३ हजार, आणि तुमचा स्वतःचा पगार ३० हजार. एकूण ६० हजार. स्वतःचा पगार लिहायला लाजू नका. तो न लिहिणारा माणूस धंदा करत नाही, आपल्याच गॅरेजात फुकट नोकरी करतो.

महिन्यात २५ दिवस, दिवसाला विकता येतील असे ६ तास. बाकीचा वेळ फोन, बाजार, चहा यात जातो. म्हणजे १५० तास. ६० हजार भागिले १५० म्हणजे तासाला ४०० रुपये. हा तुमचा खर्च झाला, नफा अजून नाही.

पहिली पायरी: ४ तासांचे १६००, शू आणि केबलचे ९००, बेरीज २५००. अचानक निघणाऱ्या कामासाठी आणि परत येणाऱ्या गाडीसाठी १० टक्के, म्हणजे २५०. झाले २७५०. त्यावर २० टक्के नफा ५५०. भाव ३३०० रुपये.

दुसरी पायरी: ८ तासांचे ३२००, लेथ आणि लायनर बसवण्याचे १५००, सुटे भाग १२००, बेरीज ५९००. १० टक्के धरून ६४९०, नफ्यासह ७७८८. भाव ७८०० रुपये.

तिसरी पायरी: १२ तासांचे ४८००, संच १६ हजार धरला तर बेरीज २०,८००. १० टक्के धरून २२,८८०, नफ्यासह २७,४५६. भाव साडेसत्तावीस हजार. यात संचाचे १६ हजार आगाऊ घ्यायचे. गिऱ्हाइकाचा माल आपल्या खिशातून आणून बसायचं नाही.

आता तुलना करा. शेजारचा म्हणतो, ‘मी दिवसभराचे हजार घेतो.’ दिवसाचे ६ तास गुणिले ४००, म्हणजे २४०० रुपये खर्च. तो प्रत्येक दिवशी १४०० रुपये गमावतोय, फक्त त्याने हिशेब मांडलेला नाही. त्याच्या भावाशी स्पर्धा कसली करता?

एक सावधगिरी. १५० तास विकले गेले तरच खर्च ४०० येतो. १०० च तास विकले तर तोच ६०० होतो. म्हणून सुरुवातीला ब्रेकच्या कामाबरोबर साधी सर्व्हिसिंगही चालू ठेवा. रिकामा तास परत विकता येत नाही.

आणि परत येणाऱ्या गाड्या मोजा. एका फुकट दुरुस्तीत २ तास गेले तर ८०० रुपये गेले. दहातल्या ३ गाड्या परत आल्या तर कामामागे २४० रुपये, म्हणजे आपण ठेवलेले २५० संपले. ५ आल्या तर कामामागे ४०० गेले, आणि उरलेले १५० तुमच्या नफ्यातून. दर्जा म्हणजे काय, ते इथे रुपयांत दिसतं.

७. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं?

‘दादा, डिस्क टाकायची आहे, किती घ्याल?’

‘साहेब, आधी चाक उघडून बघू. तपासणीचे ३०० रुपये, काम इथेच केलंत तर बिलातून वजा. कदाचित डिस्कची गरजच पडणार नाही.’

‘अहो, पण तो दुसरा तर लगेच बसवून देतो म्हणाला.’

‘देईल ना. त्याला एवढंच विचारा की फोर्क आणि मास्टर सिलिंडर कुठल्या गाडीचे लावणार, आणि काम झाल्यावर गाडी किती मीटरवर थांबते ते मोजून देणार का. मी लिहून देतो.’

बघा, यात कोणाची निंदा नाही, घासाघीसही नाही. आणि साडेसत्तावीस हजारांच्या कामासाठी आलेल्या माणसाला ७८०० त पटेल असं काम सांगितलं, तर आज बिल छोटं होतं, पण तो माणूस त्याच्या बुलेटच्या ग्रुपमध्ये तुमचं नाव घेतो. अशा कामात जाहिरातीपेक्षा हे जास्त चालतं.

८. ताबा देण्याआधी

एक पानी फॉर्म छापून घ्या. त्यात गाडीचा नंबर, किलोमीटर, आलेल्या अवस्थेतले फोटो, काय बदललं, जुने भाग परत दिले का, आणि चाचणीचा निकाल. चाचणी अशी: हेल्मेट घालून, मोकळा, कोरडा, सपाट रस्ता, ताशी ४० चा वेग, आणि तीन वेळा थांबून टेपने अंतर मोजायचं. जुना स्पीडोमीटर चुकीचा असू शकतो, म्हणून वेग फोनच्या जीपीएसवर दुसऱ्या माणसाने आधी ताडून ठेवावा. अंदाजासाठी: ४० च्या वेगात दर ४ असेल तर सुमारे १५.४ मीटर लागतात, दर ६ असेल तर सुमारे १०.३. दुरुस्तीआधी गाडी चालवण्यालायक असेल तरच आधीचं अंतर मोजा, नसेल तर ‘चाचणी अयोग्य’ असं लिहा.

नवं लायनर आणि पॅड बसायला थोडा वेळ लागतो. पहिले काही दिवस हळू चालवा, जोरात ब्रेक मारत बसू नका, आणि ३०० किलोमीटरनंतर केबल ताणून घ्यायला या, हे तोंडी सांगा आणि फॉर्मवरही छापा. ही दुसरी भेट फुकट ठेवा. तीत गाडी तपासली जाते आणि संबंधही पक्का होतो.

९. पुढच्या ३० दिवसांचा गृहपाठ

पहिला आठवडा: भंगारातून एक जुना बुलेट हब आणि ब्रेक प्लेट आणा. डोळे मिटून खोलता-जोडता येईपर्यंत सराव. हात बसलेला नसेल तर चांगल्या मिस्त्रीकडे काही महिने काम करा, ब्रेक हे युट्यूब बघून पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीवर शिकायचं काम नाही.

दुसरा आठवडा: लेथवाला, लायनर बसवणारा आणि सुट्या भागांचे दोन दुकानदार, प्रत्येकाचा दर आणि लागणारे दिवस लिहून आणा.

तिसरा आठवडा: उद्यम नोंदणी करा, ती सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात थोडेच कामगार असतील तर शॉप अॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांवर जायला लागली की जीएसटीसाठी सीएला भेटा.

चौथा आठवडा: तुमचा तासाचा खर्च काढा, तीन पॅकेजेसचे भाव लिहा, ‘न करायची कामं’ यादी लावा आणि ओळखीतल्या तीन बुलेटवाल्यांची तपासणी फुकट करा. दुरुस्ती मात्र फुकट नको.

तुमचं काम बुलेटचं नसेल, शिलाईचं असेल, पापड-मसाल्याचं असेल, तरी हाच साचा लावा. गिऱ्हाइकाला खरं काय हवंय, ते देण्याच्या तीन पायऱ्या कोणत्या, तासाचा खर्च किती, कुठल्या कामाला नाही म्हणणार आणि काम चांगलं झालं हे मोजून कसं दाखवणार. पाच प्रश्न, पाच उत्तरं, एक पान.

ते पान आज रात्री लिहा. पुढच्या धड्यात आपण त्याच पानावरून पहिल्या वर्षाचा रोख पैशाचा तक्ता बनवणार आहोत, तेव्हा वही सोबत असू द्या.